विद्याधरची भुकटी

विद्याधर कारखानीसला जेवायला वाढायचं म्हणजे आपल्या स्वयंपाकाची परीक्षा द्यायची. तो आमच्या समोरच्या दारातला. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत दोघांची दारं अशी समोरासमोर आहेत की त्याने दार उघडलं की त्याला आमचा ओटा दिसतो आणि आम्ही उघडलं की आम्हाला त्याची पुस्तकं. त्याची आई गेली आणि हा एकटा राहिला. लग्न केलं नाही. म्हणून माझ्याकडून रोज एक वाटी समोर जायची.

"कशी झालीय रे उसळ?" असं विचारलं तर दुसरा कोणी 'मस्त काकी' म्हणून मोकळा झाला असता. हा घास तोंडात फिरवणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "काकी, नारळ जुना होता."

होता जुना. पण म्हणायचं असतं का?

माझ्या मुलाने, सुबोधने, एकदा जुनी स्कूटर विकायला काढली. गिऱ्हाईक बघायला आलं, ते नेमकं जिन्यात विद्याधरला भेटलं. गाडी कशी आहे हो, म्हणून सहज विचारलं. हा म्हणाला, "सकाळी चालू व्हायला फार छळते. मला रोज घरात ऐकू येतं." गिऱ्हाईक आल्या पावली खाली उतरलं. सुबोध त्यानंतर कितीतरी दिवस विद्याधरशी बोलला नाही. गंमत अशी की सुबोध आपल्याशी बोलत नाहीये हे विद्याधरच्या लक्षातच आलं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मालवणकडच्या शाळेत. लग्न होऊन इकडे आले तेव्हा आमचे हे, दत्ताराम, गिरणीत होते. गिरणी गेली तशी वॉचमनकी केली आणि त्यातच गेले. तेव्हा विद्याधर कॉलेजात काय शिकवतो हे मला कळायचं काही कारण नव्हतं. पण तो समजावून सांगायचा. मटेरियल सायन्स म्हणजे वस्तू कशाच्या बनतात आणि त्या तशा का वागतात. कुकर तापतो पण त्याच्या कानाला हात का भाजत नाही, इथपासून सुरुवात करायचा आणि भलतीकडे जायचा. मी हं हं म्हणत भाजी चिरायची.

तो ज्या विद्यापीठात होता ते एलबीएस रोडला आहे. पूर्वी तिथे कारखाना होता. आता खालून वरपर्यंत काच. मी त्याला काचेचं कॉलेज म्हणते आणि इथेही तेवढंच लिहिते, उगाच कोणी दारात यायला नको.

माझी नात श्रुतिका, सुबोधची मुलगी, अभ्यासात पहिल्यापासून पुढे. ती एमएस्सी झाली आणि पीएचडीला विद्याधरच्याच हाताखाली लागली. आमच्या खानदानात पदवीचा कागद पहिला सुबोधने आणला, आणि आता ही डॉक्टर होणार म्हटल्यावर आम्ही सगळे नुसते तरंगत होतो. तोवर ती त्याला विद्याकाका म्हणायची. मग कॉलेजात सर झाला आणि हळूहळू घरातही सर झाला.

त्यांच्या कामात एक भुकटी तयार करायची होती. कपडे रंगवायच्या कारखान्यांतून जे रंगीत पाणी सुटतं, त्यात ही भुकटी टाकली की रंग निघून पाणी स्वच्छ व्हावं, असा बेत. ती बारीक वाटायला त्यांच्याकडे अकीक दगडाचा खल असतो. इतका टणक आणि गुळगुळीत की वाटताना खलाचा कणही झिजून भुकटीत जात नाही. तर तो खल तडकला. नवा मागवायचा म्हणजे निरनिराळ्या दुकानांचे भाव, खरेदीची कमिटी, वरच्या साहेबांची सही. त्या वर्षी कॉलेजने दारात रंगीत दिव्यांचं कारंजं बसवलं. खल मात्र 'पुढच्या बजेटमध्ये बघू'.

एका रविवारी श्रुतिका म्हणाली, "आजी, तुझा खलबत्ता देतेस?"

"कशाला गं?"

"पीएचडी करायला."

"वाटण वाटून पीएचडी मिळत असेल तर आधी मला द्या की."

माझा खलबत्ता लोखंडी, सासूबाईंच्या वेळचा. विद्याधरने तो हातात घेऊन उलटासुलटा केला. त्याला पसंत नव्हता, ते तोंडावर दिसलंच. पण भट्टीची पाळी ठरलेली, ती चुकली की महिना जाणार. "चार दिवसांपुरता," तो म्हणाला. "घासून घे नीट. नवा खल आला की हा बंद." आणि नवा खल आलाच नाही. वाटून काम होत होतं, मग कोण पाठपुरावा करतो? आपल्याकडे सगळं असंच चालवून घेतात. गिरणीत घ्यायचे, बँकेत घेतात, आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा तशीच चालवून घेतलेली आहे. एवढा काटेकोर माणूस, पण त्याने ह्या एका ठिकाणी चालवून घेतलं.

भुकटी चालली. एका संध्याकाळी श्रुतिकाने बाटलीत गुलाबी पाणी आणलं, त्यात चिमूटभर भुकटी आणि कसलंसं औषध टाकलं, आणि चहा होईपर्यंत पाणी स्वच्छ! मी आपल्या खरंच टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी त्यावर लेख लिहिला, तो बाहेरदेशी छापून आला आणि कॉलेजात एकदम धावपळ सुरू झाली.

ती कशाची, हे मला विद्याधरने आमच्या ओट्यापाशी स्टुलावर बसून सांगितलं. "काकी, जगातल्या विद्यापीठांची दरवर्षी यादी निघते. मटेरियल सायन्समध्ये कोणाच्या संशोधनाचा प्रभाव जास्त, त्यावरून नंबर."

"आणि प्रभाव मोजतात कशात? तराजूत?"

"दुसऱ्या लोकांनी आपल्या लेखात तुमच्या लेखाचं नाव किती वेळा घेतलं, त्यावर."

"म्हणजे लग्नातला आहेर. मी तुझ्या मुलीला साडी नेसवली, आता तू माझ्या सुनेला नेसव."

श्रुतिका खो खो हसली. विद्याधर हसला नाही. "तसं व्हायला नको," तो म्हणाला, "पण होतं."

झालंही तसंच. काचेच्या कॉलेजात नंबर सांभाळायला एक वेगळं खातं आहे आणि त्याच्या मुख्य आहेत शर्मिष्ठा मॅडम. त्यांनी हुकूम काढला की आपल्या प्राध्यापकांनी काहीही लिहिलं तरी त्यात आपल्याच कॉलेजच्या लेखांची नावं घालायची, आणि विद्याधरच्या लेखाचं तर घालायचंच. सिमेंटवाल्याने घातलं, बॅटरीवाल्याने घातलं. दातांत भरायच्या चांदीवर कोणी लिहिलं होतं, त्यातसुद्धा आमची कपड्यांच्या रंगाची भुकटी. बाहेरचेही मग ते बघून घालायला लागले. नंबर वर चढला आणि चेकनाक्यावर हे एवढं मोठं होर्डिंग लागलं. त्यावर एका बाजूला विद्याधर, एका बाजूला श्रुतिका. सुबोधने खाली उभं राहून सेल्फी काढला. स्कूटरचा राग तिथे विरघळला.

"कसा दिसतोस बघ, नवरदेवासारखा," मी म्हटलं.

"जुना फोटो आहे, काकी. आता एवढे केस नाहीत मला."

तो फोन आला तेव्हा विद्याधर आमच्याकडे पावटे सोलत बसला होता. कांजूरच्या कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा सुटला होता म्हणून खिडक्या बंद होत्या, पंखा फिरत होता. हात ओले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. श्रुतिका ओट्याशी चहा करत होती. आवाज मुलीचा, घाबरलेला.

"सर, माझं नाव इरावती. मी विदर्भातून बोलतेय. तुमच्या लेखावरून पुढचं काम करतेय. सर, तुम्ही लिहिलंय तसंच सगळं करते, पण रंग जात नाही. किती वेळा केलं. माझे गाईड म्हणतात तुझे हातच वाईट आहेत. माझी स्कॉलरशिप संपत आलीय, सर. माझं काय चुकतंय तेवढं सांगा."

विद्याधर सोलता सोलता विचारत गेला. भट्टी किती तापवता, किती वेळ ठेवता, औषध कुठलं. ती सगळं बरोबर सांगत होती असं त्याच्या मानेवरून कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "वाटता कशात?"

"तुम्ही लिहिलंय त्यातच, सर. अकीकाच्या खलात."

त्याचे हात थांबले. त्याने ओट्याकडे बघितलं. श्रुतिका चहाकडे बघत होती. चहा उतू गेला तरी तिने गॅस बंद केला नाही. मीच उठून केला.

"मी तुम्हाला फोन करतो," तो इरावतीला म्हणाला आणि फोन ठेवला. मग श्रुतिकाला, अगदी हळू, "आपण काय लिहिलंय?"

"सर, ते आपल्या आधीच्या लेखातलं वाक्य होतं. मी तसंच उचललं. सगळ्यांचं तेच असतं ना."

"मला दाखवलं होतंस?"

"दाखवलं होतं."

"आणि मी वाचलं नाही," विद्याधर म्हणाला.

त्याने स्वतःचे पैसे घालून अकीकाचा खल आणला आणि त्यात भुकटी पुन्हा वाटून बघितली. काही दिवसांनी दोन बाटल्या घेऊन आमच्या दारात उभा. एकीतलं पाणी स्वच्छ, एकीतलं गुलाबीच्या गुलाबी. टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीत बसला, जसं कोणी स्मशानातून येऊन बसतं.

"काकी, आमच्या भुकटीने काहीच केलेलं नव्हतं. तुमच्या खलबत्त्याचं लोखंड झिजून आत जात होतं. रंग त्या लोखंडाने जात होता."

"मग तसं सांगायचं. लोखंड तर स्वस्त."

"लोखंडाचं जगाला आधीच माहीत आहे. आम्ही सांगितलं की आमच्या नव्या भुकटीने जातो. ते खोटं आहे. लेख मागे घ्यावा लागेल."

श्रुतिका दारात उभी होती. तिचा प्रबंध म्हणजे पीएचडीचं ते जाडं पुस्तक त्याच वर्षी द्यायचं होतं आणि त्यातलं तिसरं प्रकरण म्हणजेच ही भुकटी. "मागे घेतलात तर माझं काय राहतं, सर?"

"बाकीचं काम राहतं. ते खरं आहे. एखादं वर्ष जास्त लागेल."

"वर्ष? सर, एका नोकरीसाठी माझं नाव लागलंय. डिग्री ह्या वर्षी पाहिजे म्हणतात. गेली ती नोकरी की मग काय, तुमच्यासारखी बसू कोणाच्या ओट्याशी पावटे सोलत?"

"श्रुते!" मी ओरडले.

"बोलू दे, काकी," विद्याधर म्हणाला.

सुबोध आतून आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "तुझी स्कूटरची सवय जायची नाही ना रे? तेव्हा माझं गिऱ्हाईक गेलं. आता पोरीचं आयुष्य घे."

विद्याधरने दोन्ही बाटल्या उचलल्या आणि समोर गेला. त्या दिवशी दार बंद केलं त्याने. एरवी त्याचं दार दिवसा उघडंच असायचं.

शर्मिष्ठा मॅडम आमच्याकडे आल्या त्या सुक्या मेव्याचा डबा घेऊन. त्यांना खबर कुठून लागली ते मी विचारलं नाही. आमच्या घरात तेव्हा दोनच माणसं विद्याधरवर चिडलेली होती, आणि त्यातला सुबोध काही कॉलेजात जात नाही. बाई दिसायला नीटनेटक्या, बोलायला गोड. विद्याधरला समोरून बोलावून घेतलं. सूनबाईने पोहे केले, ते कोणी खाल्ले नाहीत.

"सर, कोणी तुम्हाला खोटं बोला म्हणतंय का?" मॅडम म्हणाल्या. "मी म्हणते, थोडं थांबा. यादीचे आकडे आत्ता गोळा होतायत. एकदा यादी लागू दे, मग शांतपणे एक दुरुस्ती छापून टाकू. लहानशी. श्रुतिकाचंही होऊन जाईल तोवर."

"तोवर ती मुलगी काय करेल?"

"कुठली मुलगी?"

त्याने इरावतीचं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. "सर, ती एक मुलगी आहे. नंबर घसरला की आपल्याकडे ॲडमिशन घसरतात. ॲडमिशन घसरल्या की पगार थांबतात. शिपायांपासून थांबतात, माझ्यापासून नाही. त्यांना कोण सांगणार, तुम्ही?"

"सांगेन."

"तुम्ही सांगाल हो!" मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. "तेच तर दुखणं आहे तुमचं."

खोटं कशाला बोलू, मला मॅडमचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटलं नाही. घरात चूल पेटती ठेवायला काय काय झाकावं लागतं ते मला माहीत आहे. जाताना त्या जिन्यापाशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "आजी, मीपण प्रयोगशाळेतच होते. मला कोणी विचारून बसवलेलं नाही ह्या खुर्चीत." आणि भराभर उतरून गेल्या.

विद्याधरने त्याच आठवड्यात लेख छापणाऱ्यांना कळवलं. कॉलेजला ते झोंबलं आणि चौकशी लागली. चौकशीत श्रुतिकाकडून लिहून घ्यायचं होतं की लोखंडी खलबत्ता सरांनी वापरायला लावला, लेखातलं ते अकीकाचं वाक्य सरांनी घातलं, आणि विद्यार्थिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कागद टाइप करूनच दिला होता. खाली सही तेवढी करायची.

ती तो कागद घेऊन समोर गेली. मीही मागोमाग गेले. मला राहवलं नाही. विद्याधरने चष्मा लावून वाचला.

"हे वाक्य मी घातलं नव्हतं."

"माहीत आहे, सर."

"तू घातलं होतंस."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, सर. सही केली नाही तर दोघंही जाऊ. केली तर एक तरी राहील." तिचा आवाज फुटला. "मी काय करू सांगा ना. तुम्ही सांगाल तसं करते."

ती पाळण्यात होती तेव्हापासून त्याने तिला बघितलेलं. मला वाटलं आता हा काहीतरी मोठं बोलेल. त्याने कागदाची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "माझ्यासमोर करू नकोस. घरी जाऊन कर."

तिने आमच्या टेबलावर सही केली. मी देवापुढे दिवा लावायला गेले, तर काडी पेटेना.

विद्याधरला राजीनामा द्या म्हणाले, त्याने दिला. लेख मागे घेतला गेला. अशा लेखावर लाल अक्षरात आडवा शिक्का येतो म्हणे, जगात कुठेही उघडा, दिसतोच. शिक्का दाखवल्याशिवाय तिचे गाईड मानणार नाहीत म्हणून विद्याधर थांबला होता, तो आल्यावर त्याने इरावतीला फोन लावला. त्या वेळी तो आमच्याकडे येत नव्हता, मीच वाटी घेऊन त्याच्याकडे गेले होते आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून ऐकलं. ती आता एका दुकानात मोबाईल विकत होती. स्कॉलरशिप संपली, गाईडने पुढे सही दिली नाही. विद्याधरने तिला सगळं सांगितलं, खलबत्त्यापासून लाल शिक्क्यापर्यंत. मागे दुकानातली गाणी वाजत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझे हात वाईट नव्हते ना, सर?"

"नाही. चांगले होते. म्हणून तर रंग गेला नाही."

"बरं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय, ठेवते."

पुढे यादी लागली. काचेचं कॉलेज खाली जाईल असं विद्याधरला वाटत होतं, मलाही. ते वर चढलं. का, तर आधीच्या वर्षांत घातलेली नावं मोजून झालेलीच होती, आणि मागे घेतलेल्या लेखाचंही नाव लोक अजून घालत होते. लाल शिक्का बघायला लेख उघडावा लागतो. न उघडताच नाव घालायची पद्धत असेल तर शिक्क्याने काय होणार? चेकनाक्याला नवं होर्डिंग लागलं. विद्याधरच्या जागी शर्मिष्ठा मॅडम आल्या. श्रुतिका होती तिथेच राहिली.

विद्याधरने चेंबूरला बघितलं, अंधेरीला बघितलं. कॉलेजवाले नाव कॉम्प्युटरवर टाकतात, लाल अक्षरं येतात. एका ठिकाणचे साहेब चांगले होते, चहा दिला आणि म्हणाले, "सर, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत हो. पण आमचंही रँकिंग आहे." मग त्याने घरी नववी-दहावीच्या शिकवण्या घेतल्या. तिथेही याचं तोंड आडवं आलं. एका आईने विचारलं, आमच्या सौरभला किती पडतील? हा म्हणाला, "तो पास होईल की नाही याचीच मला शंका आहे." दुसऱ्या दिवसापासून सौरभ बंद आणि त्याच्याबरोबर त्याचे मित्रही बंद.

वाटी मी अजून नेते. हल्ली ती अर्धी परत येते. परवा मी आमटीत मीठ घालायलाच विसरले होते. घरात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली तेव्हा कळलं. धावत समोर गेले तर याची वाटी रिकामी.

"अरे, मीठ नव्हतं!"

"हो का?" तो म्हणाला. मला रडू आलं. उसळीला नावं ठेवायचा तेव्हा किती राग यायचा मला.

गेल्या महिन्यात श्रुतिका डॉक्टर झाली. त्याच नोकरीवर रुजूही होणार आहे. सुबोधने इमारतभर वाटायला पेढे आणले. प्रबंध घरात आला, जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. सुबोध म्हणाला, पहिलं पान वाच, आभाराचं. ती इंग्रजीत वाचून मराठीत सांगत गेली. कुलगुरू, मार्गदर्शक म्हणून शर्मिष्ठा मॅडम, प्रयोगशाळेतले सगळे, आईबाबा, आणि शेवटी माझंसुद्धा नाव होतं. सूनबाईने डोळे पुसले.

"एक नाव राहिलं गं," मी म्हटलं.

"राहिलं नाही, आजी. काढलंय." तिने पुस्तक मिटलं. "मॅडम म्हणाल्या, त्या नावाने प्रबंध अडकेल."

मी पेढ्यांचा डबा तिच्या हातात ठेवला. "समोर तू जाऊन दे."

ती नको म्हणेल असं वाटलं होतं. पण गेली. मी आमच्या उंबऱ्यात थांबले. विद्याधरने दार उघडलं. बनियनवर शर्ट चढवता चढवता आला असावा, गुंड्या वरखाली लागल्या होत्या.

"अभिनंदन, डॉक्टर," तो म्हणाला आणि पेढा घेतला. खरंच आनंद झाला होता त्याला, तोंडावर दिसत होतं. मग विचारलं, "तिसरं प्रकरण काढलंस ना?"

श्रुतिका डब्याकडे बघत म्हणाली, "आहे, सर."

"तसंच?"

"तसंच. लेख मागे घेतलाय, प्रबंधाबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही, असं मॅडम म्हणाल्या. काढलं असतं तर पानं कमी पडली असती. वर्ष गेलं असतं."

"म्हणजे ते आता ग्रंथालयात राहणार." तो पेढा हातात धरून उभा होता. "उद्या कोणी ते वाचून पुन्हा करायला बसलं तर?"

"प्रबंध कोण वाचतं, सर?" ती म्हणाली. चिडून नाही, दमून म्हणाली. "तुम्हीसुद्धा वाचलं नव्हतंत."

विद्याधरने मान हलवली. वर्गात एखाद्या मुलीने बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी तशी.

"हो," तो म्हणाला. "ते खरं आहे."

आणि त्याने दार लावून घेतलं.

श्रुतिका तिथेच उभी. डब्याचं झाकण लावायला बघत होती, ते नीट बसत नव्हतं. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"चल गं," मी म्हटलं, "वरच्या मजल्यावर द्यायचेत अजून."